व्हर्सायच्या चित्रातला रिकामा पाळणा

रानजाई

गेल्या वर्षी आईला घेऊन पॅरिसला गेले होते. व्हर्सायचा राजवाडा बघायला आख्खा दिवस ठेवला होता, पण आरसेमहालातल्या गर्दीनेच आई दमली. तिथून पुढे राणीच्या दालनांत आलो. राजाराणी लोकांसमोर जेवायला बसत त्या दालनात भिंतीवर एक भलंमोठं तैलचित्र आहे, पावणेतीन मीटर उंच. आई समोरच्या दोरीपाशी थांबली ती हलेचना. मला वाटलं, पाय दुखत असतील. तर म्हणाली, "अगं, पाळण्यात बाळ कुठाय?"

चित्र फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं. एलिझाबेत विजे ल ब्रं या फ्रेंच चित्रकर्तीने 1787 मध्ये पूर्ण केलेलं. राणी लाल मखमलीच्या पोशाखात बसली आहे. मांडीवर दोन वर्षांचा लुई शार्ल, दंडाला बिलगून वर आईकडे बघणारी थोरली मारी तेरेझ, आणि उजवीकडे युवराज लुई जोसेफ. हा पाच-सहा वर्षांचा मुलगा एका हाताने पाळण्याकडे दाखवतो आहे. पाळणा रिकामा आहे.

आईला फ्रान्सचा इतिहास ठाऊक नाही. राणीचा शिरच्छेद झाला एवढंच ऐकलेलं. पण रिकामा पाळणा हलवू नये म्हणत वाढलेली बाई ती. तिला मुकुट, मखमल, मागचं कपाट, काही दिसलं नाही. तिला पाळणा दिसला.

त्या पाळण्यातलं बाळ म्हणजे सोफी. 9 जुलै 1786 चा जन्म, 19 जून 1787 ला गेली. वर्षही पुरं झालं नव्हतं. चित्राचं काम चालू असतानाच हे घडलं.

परत आल्यावर या चित्राबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि जीव गुंतत गेला. कारण हे चित्र मुळात राणीची बाजू सावरायला काढून घेतलेलं होतं. 1785 च्या लूव्रमधल्या चित्रप्रदर्शनात व्हेर्टम्युलर नावाच्या स्वीडिश चित्रकाराने काढलेलं राणीचं आणि मुलांचं चित्र कुणाला आवडलं नाही. मग हे काम विजे ल ब्रंकडे आलं. तोवर हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण पेटलं होतं. 16 लाख लिव्रचा (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन) हार, जो राणीने घेतलाच नव्हता. ला मोत नावाच्या बाईने राणीच्या नावावर रोहान नावाच्या कार्डिनलला, म्हणजे चर्चच्या बड्या धर्माधिकाऱ्याला फसवून तो लांबवला. खटला चालला, 31 मे 1786 ला कार्डिनल निर्दोष सुटला, आणि ज्या बाईचा काही संबंध नव्हता ती राणी मात्र लोकांच्या मनात दोषी ठरली. अशा वेळी दरबाराला हवी होती मुलांत रमलेली आई. म्हणून चित्रात गळ्यात हार नाही. मागे उजवीकडे अंधारात दागिन्यांचं कपाट दाखवलंय. रोमन कथेतल्या कॉर्नेलियाने मुलांकडे बोट दाखवून "हेच माझे दागिने" म्हटलं होतं, ते त्या काळच्या शिकलेल्या प्रेक्षकाला लगेच उमगत असे.

म्हणजे चित्र सांगण्यासाठी बेतलेलं होतं. त्यात पाळणा आधीपासून होता, तोही बेताचाच भाग. पण बाळ गेलं, आणि पाळणा काढून टाकण्याऐवजी रिकामा ठेवला गेला. माझं मत विचाराल तर त्या एका गोष्टीमुळे हे चित्र दरबाराच्या हातून सुटलं आणि राणीचं झालं.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी चित्र पोहोचलंच नव्हतं. लोकांचा राग बघून चित्रकर्ती धास्तावली होती. भिंतीवर नुसती मोठी चौकट. त्या रिकाम्या चौकटीकडे बघून लोक म्हणाले, "ही बघा तूट!" तिजोरीतल्या तुटीवरून राणीला "मादाम देफिसित" म्हणजे तूटबाई म्हणत, त्यावरून. अखेर चित्र पाठवलं आणि आपण खोलीचं दार लावून देवाची प्रार्थना करत बसलो, असं विजे ल ब्रंने आठवणींत लिहून ठेवलंय.

दोन वर्षांनी, 4 जून 1789 ला तो बोट दाखवणारा मुलगाही गेला. मणक्याचा क्षय. सातच वर्षांचा होता. त्यानंतर त्या चित्रावरून जाताना राणीला दरवेळी रडू फुटे, म्हणून ते भिंतीवरून काढून आत ठेवायला लावलं. असं आत ठेवल्यामुळेच क्रांतीच्या धामधुमीत ते वाचलं, असं चित्रकर्तीचं म्हणणं.

या चित्रकर्तीने राणीची तीसेक चित्रं काढली. इथे कुणी बघितली असतील, अभ्यासली असतील तर लिहा.

तिरफळ

रानजाई, फार आवडलं. काकूंनी जे पाहिलं ते गाइडच्या तासाभराच्या बडबडीत सापडलं नसतं. एक शंका. 1780 च्या सुमारास राणीची चित्रकार बाई कशी? मुलींनी प्रत्यक्ष मॉडेल समोर ठेवून चित्रकला शिकणं, हे तेव्हा चालत नसे ना?

रानजाई

नाहीच चालत. ती शिकली वडिलांजवळ. लुई विजे पेस्टलमध्ये व्यक्तिचित्रं काढत. ती बारा वर्षांची असताना ते गेले. पंधरा-सोळाव्या वर्षी तिच्या चित्रांवर घर चालत होतं. परवाना नसताना धंदा करते म्हणून 1774 मध्ये तिच्या स्टुडिओवर जप्ती आली, मग तिने संत ल्यूकच्या अकादमीत, म्हणजे चित्रकारांच्या संघात नाव घातलं.

शाही अकादमीत जायला आणखी एक अडसर होता. नवरा चित्रांचा व्यापारी, आणि व्यापाराशी संबंध असलेल्यांना अकादमीत जागा नाही. शेवटी राणीच्या शब्दाखातर राजाने लक्ष घातलं आणि 31 मे 1783 ला तिला घेतलं. त्याच दिवशी आदेलाईद लाबी-गियार ही दुसरी चित्रकर्तीही आत आली. तिला मात्र कुणाचा वशिला नव्हता, हेही सांगायला हवं. अकादमीत एका वेळी बायका चारच, असा दंडक होता.

राणी आणि चित्रकर्ती दोघी 1755 च्या. चित्र काढताना दोघी मिळून ग्रेत्री या संगीतकाराची गाणी म्हणत. एकदा चित्रकर्तीला दिवस गेलेले असताना रंग-कुंचले जमिनीवर सांडले, तर राणीने स्वतः वाकून ते गोळा केले. विजे ल ब्रं हे म्हातारपणी लिहिते, तेव्हा राणीला जाऊन चाळीसेक वर्षं झालेली होती. तरी विसरली नव्हती.

सुताचा_गुंता

कापडाच्या बाजूने लिहितो, माझा विषयच तो.

1783 च्या प्रदर्शनात विजे ल ब्रंने राणीचं जे चित्र लावलं त्यात राणीच्या अंगावर पांढऱ्या मलमलीचा सैलसर झगा आहे. गळ्याला चुणीदार झालर, बाह्या फितीने बांधलेल्या, कमरेला पातळ सोनेरी ओढणीसारखा पट्टा. डोक्यावर गवताची टोपी. अंगावर एकही दागिना नाही. हातात गुलाब, आणि त्याला ती फीत बांधते आहे.

लोक खवळले. त्या काळी असला झगा म्हणजे आतून घालायचा कपडा. फ्रान्सची राणी आतल्या कपड्यांत, आणि तेही चारचौघांसमोर लूव्रच्या भिंतीवर! चित्र उतरवावं लागलं. त्याच प्रदर्शनात त्याच्या जागी दुसरं लावलं गेलं. तीच राणी, मान तशीच वळलेली, हातात तसाच गुलाब, पण आता अंगावर निळसर करडं रेशीम, लेस, गळ्यात मोत्यांचा दुपदरी सर. हे "गुलाब घेतलेली राणी" आज व्हर्सायला आहे.

राग फक्त लाजेचा नव्हता. रेशीम हा फ्रान्सचा मानाचा धंदा, ल्यों शहराचं पोट त्यावर. राणीने रेशीम सोडून सुती कापड घातलं म्हणजे ल्योंच्या विणकरांच्या पोटावर पाय. आणि चांगली मलमल तेव्हा कुठून येई? आपल्याकडून, बंगालातून. म्हणजे परक्या देशाचं कापड, शिवाय राणी स्वतः ऑस्ट्रियाची, परकी. लोकांना जोड लावायला वेळ लागला नाही.

मलमल ज्यांनी हाताळली असेल त्यांना कळेल की तिने काय रंगवलंय. मलमल पांढरी नसतेच. घडीवर घडी आली की दुधाळ, एकेरी असेल तिथे खालच्या कातडीचा गुलाबी रंग, सावलीत किंचित निळी. बाहीवर जिथे फीत आवळली आहे तिथल्या चुण्या बघा. विणकर सुद्धा त्या कापडाचा ताण सांगेल. रेशमाच्या चित्रात चकाकी आहे, कसब तितकंच आहे. पण कापड अंगावर हलकं होऊन बसलंय ते मलमलीच्याच चित्रात.

लोक चिडले, पण नंतर तो झगा सगळ्या बायकांनी शिवून घेतला. "राणीचा झगा" याच नावाने. इंग्लंडपर्यंत गेला.

जोंधळा

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. एक बाळ गेलं याचं दुःख कुणाला नाही? पण त्याच वर्षांत पॅरिसमध्ये पावासाठी बायका रांगेत उभ्या होत्या. 1788 च्या जुलैत गारपिटीने पिकं झोपवली, पुढची थंडी भयंकर, 1789 च्या उन्हाळ्यात पाव मजुराच्या आवाक्याबाहेर गेला. 5 ऑक्टोबरला पॅरिसच्या बायका पावासाठी पावसातून चालत व्हर्सायला गेल्या. त्यांचीही बाळं पाळण्यातून गेली होती, त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत. मखमलीतल्या दुःखाला पावणेतीन मीटरचा कॅनव्हास मिळतो. माझे आजोबा बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेले होते, म्हणून असेल, मला त्या रांगेतल्या बायका आधी दिसतात.

रानजाई

राग कसला, जोंधळा? तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि या धाग्यात यायलाच हवं होतं. राणीने उधळपट्टी केली, व्हर्सायमधल्या त्रियानोंच्या बागेत खोटं खेडं वसवलं, गरिबांना जवळून कधी पाहिलं नाही. त्यातलं काही मी झाकत नाही.

फक्त एक. "पाव नसेल तर केक खा" हे तिच्या तोंडी घातलं जातं ते तिचं नाही. रूसो या विचारवंताने आत्मचरित्रात तसा किस्सा लिहिला तेव्हा ही ऑस्ट्रियात लहान मुलगी होती, फ्रान्सला ती 1770 मध्ये आली. तिने केलं त्याचा जाब जरूर विचारू. न केलेल्याचा हिशेब तिच्या नावावर नको. हाराच्या प्रकरणात तेच झालं.

जोंधळा

हे पटलं.

सुताचा_गुंता

हाराच्या प्रकरणात या मलमलीचाच हात आहे, हे मघाशी लिहायचं राहिलं. ऑगस्ट 1784 मध्ये रात्री व्हर्सायच्या बागेत कार्डिनलला "राणी" भेटवली गेली. ती होती निकोल नावाची पॅरिसमधली एक तरुणी. तिला घातलं काय, तर पांढरा मलमलीचा झगा. आणि तिने कार्डिनलच्या हातात दिला गुलाब. वर्षभरापूर्वीच्या त्या चित्रातली राणीच जणू काळोखात उभी केली. चित्र भिंतीवरून उतरवलं तरी लोकांच्या डोळ्यांत राहिलं होतं, आणि ठगांनी तेच वापरलं.

कुंचला

चाळीस वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. धाग्यावर राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मुलांना मी व्यक्तिचित्र शिकवताना विजे ल ब्रंचं उदाहरण देत असे, कातडीसाठी. तिने स्वतःच लिहून ठेवलंय की राणीची कांती इतकी पारदर्शक होती की तिच्यावर सावली ठरत नसे, आणि तो ताजेपणा पकडायला आपल्याकडचे रंग कमी पडत. यातली मेख अशी की पांढरा घालून घालून कातडी उजळ करायला गेलं की ती खडूसारखी होते. तैलरंगात उजेड आतून यावा लागतो. खाली उजळ थर, तो पक्का वाळू द्यायचा, वर तेलात पातळ केलेल्या रंगाची झिलई, पुन्हा वाळू द्यायचं, पुन्हा झिलई. घाई केली की खालचा रंग सुटतो आणि सगळं चिखल होतं. विद्यार्थी नेमके इथेच फसायचे.

हे ती शिकली रूबेन्स या आधीच्या शतकातल्या चित्रकाराकडून. म्हणजे त्याच्या चित्राकडून. अँटवर्पला त्याचं गवताच्या टोपीचं म्हणून ओळखलं जाणारं एका स्त्रीचं चित्र तिने पाहिलं. टोपीच्या कडेखाली चेहऱ्यावर सावली, तरी चेहरा उजळलेला. ती इतकी भारावली की 1782 मध्ये स्वतःचंच तसं चित्र काढलं, गवताची टोपी, हातात रंगपाटी. पुढल्याच वर्षी राणीच्या डोक्यावर आली ती टोपी तिथूनच. मोठ्यांचं पाहून शिकायचं ते असं.

पाळण्याच्या चित्राबद्दल एक निरीक्षण. राणी, मुलगी, युवराज मिळून त्रिकोण होतो, टोक राणीच्या टोपीवर. जुन्या इटालियन चित्रांत मेरी आणि बाळ येशू असेच बसवलेले असतात. या त्रिकोणात डोळा वर राणीच्या चेहऱ्याकडे जायला हवा. पण युवराजाचा हात डोळ्याला खाली ओढून पाळण्यापाशी नेतो. तिथे काही नाही, म्हणून डोळा परत वर येतो. राणीचा चेहरा दुसऱ्यांदा बघितला की वेगळा दिसतो. रानजाई, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. त्यांची नजर तयार आहे.

मोडीवाचक

विषयाला जोडून, आपल्याकडचा एक धागा. 1788 मध्ये टिपू सुलतानाचे तीन वकील, म्हणजे दूत, फ्रान्सला गेले. मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान. पेशव्यांशी गजेंद्रगडचा तह होऊन वर्षच झालं होतं, आणि इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांची मदत टिपूला हवी होती. तूलोंच्या बंदरात उतरले, 10 ऑगस्टला व्हर्सायला राणीचा नवरा राजा लुई याच्या दरबारात मुजरा झाला. मदत मिळाली नाही. जी तूटबाई म्हणून राणीला नाव पडलं, त्याच तुटीमुळे राजाच्या हाती काही उरलं नव्हतं.

पण याच विजे ल ब्रंने दरवेश खानाला ऑपेरात पाहिलं आणि हट्ट धरला की यांचं चित्र काढायचं. ते तयार नव्हते, राजाकडून शब्द आला तेव्हा बसले. दरवेश खान पूर्णाकृती उभा आहे, हाती तलवार, अंगावर सोनेरी फुलांचा पांढरा मलमलीचा जामा. सुताचा_गुंता यांनी वर मलमलीबद्दल लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो. पाच वर्षांपूर्वी ज्या कापडावरून राणीचं चित्र उतरवलं, तेच कापड इथे रुबाबात आहे, ज्या देशात विणलं जाई तिथल्या माणसाच्या अंगावर.

वकिलांनी तिला जेवायलाही बोलावलं. जमिनीवर बैठक, हाताने वाढणं, हाताने जेवणं. तिला ते फार अवघड गेलं, तसं तिने लिहिलंय. चित्र झाल्यावर दरवेश खानाने ते पलंगामागे दडवलं आणि देईना! शेवटी मिळालं आणि 1789 च्या प्रदर्शनात लागलं. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते 70 लाख डॉलरच्या वर गेलं.

तिरफळ

हे अजिबात माहीत नव्हतं. मलमलीतलं राणीचं मूळ चित्र आता कुठे आहे?

सुताचा_गुंता

जर्मनीत, हेसे घराण्याच्या संग्रहात. त्याच्यासारखंच एक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, तुम्ही तिकडे असाल तर ते सहज बघता येईल.

पारिजात_अंगण

आज पहिल्यांदाच लिहितेय, एरवी फक्त वाचते. आमच्या घरी माळ्यावर शिसवी पाळणा होता, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला. माझ्यानंतरचा भाऊ चार महिन्यांचा होऊन गेला, त्यानंतर तो खाली काढलाच नाही. साफसफाईच्या वेळी आजी त्यावरची धूळ झटकायची, पण कापड सोडायची नाही. चित्रात त्या मुलाने पाळण्यावरचं कापड बाजूला धरलंय का? मोबाइलवर नीट दिसत नाही.

कुंचला

हो ताई. त्याच्या हाताने ते वर उचललेलं आहे.

पारिजात_अंगण

ते फक्त मूलच करू शकतं.

जोंधळा

मी परवापासून हे चित्र मोठं करून बघतोय. रांगेतल्या बायका अजून दिसतातच, पण आता त्यांनाही पाळण्यापाशी उभं राहिलेलं बघतो.

या राणीचं शेवटचं चित्र कुणी टाकलं नाही म्हणून लिहितो. तेही फ्रेंच चित्रकाराचं, पण तैलचित्र नाही. 16 ऑक्टोबर 1793 ला तिला उघड्या गाडीतून गिलोटिनकडे नेत होते तेव्हा दाविदने शाईच्या चार रेषांत टिपलेलं. हात मागे बांधलेले, केस कापलेले, ओठ घट्ट, पाठ ताठ. दाविद तिच्या बाजूचा नव्हता. तरी ती पाठ ताठच काढली त्याने. विधवा म्हणून ती काळं नेसत असे, त्या दिवशी काळं घालू दिलं नाही, म्हणून साधा पांढरा झगा.

रानजाई

पाठीचं तुम्ही लिहिलंत म्हणून. विजे ल ब्रं लिहिते की फ्रान्समध्ये राणीसारखं चालणं कुणाचं नव्हतं, मान अशी उंच की भर दरबारात ओळखू यावी.

ती स्वतः तोवर देशोधडीला लागली होती. जोंधळा म्हणतात त्या 5 ऑक्टोबरच्या रात्रीच ती मुलीला घेऊन, कामकरी बाईच्या वेशात, डोक्याला फडकं गुंडाळून टपालगाडीने इटलीकडे निघाली. बारा वर्षं परदेशांत काढली. इटली, व्हिएन्ना, मग रशिया. फ्लॉरेन्सच्या संग्रहासाठी 1790 मध्ये तिने स्वतःचं चित्र काढलं. त्यात ती कॅनव्हाससमोर बसली आहे, आणि कॅनव्हासवर अर्धवट उमटतो आहे तो मारी आंत्वानेतचा चेहरा. राणी तेव्हा पॅरिसमध्ये नजरकैदेत होती.

पाळण्याच्या चित्रातल्या मुलांचं काय झालं, हे आईने मला व्हर्सायहून परतताना गाडीत विचारलं होतं. तेव्हा मला सांगता आलं नाही. मांडीवरचा लुई शार्ल 8 जून 1795 ला कैदेतच गेला, दहा वर्षांचा. एकटी मारी तेरेझ वाचली, आईच्या दंडाला बिलगलेली ती. तिला कैदेतून सोडलं तेव्हा ती सतरा वर्षांची होणार होती.

पुढे मारी तेरेझ रशियन साम्राज्यातल्या मिताव गावी राहत होती तेव्हा चित्रकर्ती रशियात होती. कुणीतरी तिकडे निघालंय असं कळल्यावर चित्रकर्तीने राणीचं एक चित्र काढून पाठवलं. समोर कुणी नव्हतं, आठवणीतून काढलं. मारी तेरेझचं आभाराचं पत्र आलं, ते तिने जपून ठेवलं.

काल रात्री हे फोनवर आईला सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुलीला आई दिसली म्हणजे."